दक्षिणेची कड

१

आमच्या घरात सकाळी साडेदहाला लढाई सुरू होते आणि बाराच्या ठोक्याला, जेवणासाठी, थांबते.

ही शिस्त दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो नकाशांच्या कचेरीत आराखडे काढायचा, मी शाळेत गणित शिकवायचे. वहिनी गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला आणि आम्ही दोघं मिळून पटावरचे युद्धखेळ करायला लागलो. म्हणजे एक मोठा नकाशा, त्यावर आखलेली षट्कोनी घरं, पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, फासे आणि नियमांचं पुस्तक. नकाशे त्याचे, नियम माझे. नऊ खेळ झाले आणि नऊही फ्रेंचांच्या वसाहतींमधल्या लढायांवर. लोक विचारतात, हे काय भलतंच खूळ? आता खुळाला का कारण लागतं? दादा हौसेने फ्रेंच शिकला होता, आणि त्यांचे अधिकारी रोजनिशीत सगळं टिपून ठेवायचे. खेचरं किती, पीठ किती, तापाने आडवे झालेले किती. नियम लिहिणाऱ्या बाईला आणखी काय हवं असतं?

दहावा खेळ एका छोट्या मोहिमेवर होता. डोंगराळ मुलूख, फ्रेंचांची एक फौज, वाटेत अकरा गावं. फौज दादा चालवणार, डोंगरातले लढवय्ये मी. रोजनिशीत प्रत्येक गावापुढे जवळजवळ एकच मजकूर होता: गाव रिकामं आढळलं, जाळलं, पुढे निघालो. त्यावरून मी एक नियम बसवला. फौज गावात शिरली की गावाची सोंगटी उलटायची. खालची बाजू काळी. फ्रेंचांना दोन गुण, आणि माझ्या लढवय्यांना तिथे लपायला बंदी. तीन ओळींचा नियम. मला त्याचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

दादा नकाशावर वाकून रेघा मारत होता. पट्टी तशीच धरून त्याने विचारलं, "रिकामं म्हणजे काय गं, शहाणे? माणसं गेली कुठे?"

"ती नियमात नाहीत," मी म्हणाले आणि हसले.

तो हसला नाही. मी चहा टाकायला आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा दादा जमिनीवर पडला होता. पट्टी त्याच्या अंगाखाली होती.

त्याला चार महिने झाले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात चालतो. सकाळी व्यायाम घ्यायला एक मुलगी येते, तिचं आटोपलं की मी दादाला मधल्या खोलीत त्याच्या नेहमीच्या जागी बसवते. नकाशाच्या दक्षिणेच्या कडेला त्याची खुर्ची. खुर्चीच्या मागे गल्लीत उघडणारं दार, ज्याची कडी गंजून इतकी घट्ट झाली होती की कित्येक वर्षांत आम्ही ते उघडलं नव्हतं. तो डाव्या बोटाने दाखवायचा, मी त्याची फौज हलवायचे. मग माझे लढवय्ये. रोज एक फेरी. फेरी संपली की नकाशाचा फोटो काढायचा, ही आमची जुनी पद्धत.

दादाची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिला बापाला एका संस्थेत ठेवायचं होतं, जिथे चोवीस तास परिचारिका असतात. पोरगी वाईट नाही, काळजीनेच बोलत होती. "आत्या, तुझंही वय झालंय. त्यांना काही कळतंय तरी का? महिनाअखेर मी येते. तोवर ते एक शब्द जरी बोलले ना, तर मी परत हा विषय काढणार नाही."

एक शब्द. मी रोज त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे.

२

सातव्या फेरीच्या सकाळी नकाशावर एक कोरी सोंगटी होती.

कोऱ्या सोंगट्या आमच्याकडे असतातच. छापखान्यातून सोंगट्यांचा तक्ता येतो त्यात बारा जास्तीच्या असतात, कोणाची हरवली तर वापरायला. त्यांच्यावर काही छापलेलं नसतं. मी त्या बटणांच्या जुन्या डब्यात टाकते आणि डबा खिडकीत ठेवते. त्यातली एक जळालेल्या गावाच्या शेजारच्या घरात, मधोमध, व्यवस्थित बसली होती.

व्यायामवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला हात लावू त्या पसाऱ्याला?" उद्धटच आहे, पण खरं बोलते. मग वाटलं, माझ्याच बाहीला चिकटून आली असेल. डब्यात टाकली आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी तिथे तीन होत्या.

मी कालचा फोटो काढून बघितला. फोटोत नकाशा स्वच्छ होता. मी डबा उघडला, आत नऊ. तीन सोंगट्या उचलायला हात पुढे केला, तर दादाच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घोगरा नकार होता. त्याचा डावा पंजा माझ्या मनगटावर येऊन पडला.

"राहू देऊ का?" मी विचारलं.

त्याने डोळे मिटून उघडले. आमच्यात त्याचा अर्थ हो.

३

त्या रोज एक घर सरकायच्या.

माझ्या नियमांत फौजेला सपाटीवर तीन घरं जाता येतं, चढावर एक. या मात्र सपाटीवरही एकच घर जात होत्या. कोणी म्हातारं माणूस बरोबर असावं, किंवा कडेवर पोर. हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी स्वतःवरच चिडले. पुठ्ठ्याला कुठलं आलंय म्हातारपण!

पण आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नदीपाशी आल्यावर त्या थांबल्या. दोन दिवस काठाकाठाने गेल्या आणि उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगं उथळ पाणी, होता तिथूनच पलीकडे गेल्या. नियम क्रमांक चौदा: नदी फक्त उताराच्या घरातून ओलांडता येते. जो कोणी या सोंगट्या हलवत होता त्याला माझं पुस्तक पाठ होतं.

जगात असा माणूस एकच होता, आणि तो माझ्यासमोर लाळ पुसून घेत बसला होता.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दादाच हलवतोय. माझी पाठ वळली की डाव्या हाताने हळूच सरकवतोय. म्हणजे डोकं शाबूत आहे, त्याला कळतंय, तो मला खिजवतोय लहानपणासारखा. मी लगेच पोरीला फोन लावला. "अगं, तुझा बाप खेळतोय! स्वतःच्या मनाने!"

"तू पाहिलंस, आत्या?"

"पाहिलं नाही अजून. पण दुसरं कोण असणार?"

ती फार मायेने म्हणाली, "रविवारी येतेच आहे मी." माझा सगळा उत्साह जागच्या जागी विरघळला.

मग मी पाळत ठेवली. स्वयंपाकघरात नळ सोडायचा आणि पावलं न वाजवता परत यायचं. दादा प्रत्येक वेळी तसाच बसलेला. मेलेला उजवा हात नकाशाच्या कडेवर, डावा मांडीवर. तो माझ्याकडे बघायचाही नाही, मान तिरकी करून कान देऊन बसलेला असायचा. एकदा मीही कान दिला. खोलीत खूप माणसं अगदी गप्प बसली की जसं वाटतं तसं वाटलं. मी नळ बंद करायला गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही.

४

बुधवारी प्रकाशकाचा फोन आला. भला माणूस, फक्त चुका सांगताना त्याला उकळ्या फुटतात.

"ताई, तुमच्याकडून आणि चूक? नकाशाच्या तीन कडांचे नियम आहेत. कोण कुठून बाहेर जाऊ शकतं, सगळं चोख. दक्षिणेच्या कडेचा नियमच नाही."

"असं कसं होईल?" मी म्हणाले, आणि फोन कानाला धरूनच बघायला गेले.

झालं होतं खरं. दादा इतकी वर्षं त्या बाजूला बसतो, त्याचं कोपर कायम त्या कडेवर. मी नियम लिहिताना नकाशा समोर ठेवते आणि जे दिसतं त्याचा नियम करते. ती कड मला कधी दिसलीच नव्हती. मी त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला. जड होता, झोपलेल्या मुलासारखा. त्याच्याखाली नकाशावर एक पायवाट होती. बारीक तुटक रेघ, दादाच्या हातची, डोंगरातून उतरून थेट कडेच्या बाहेर गेलेली. रोजनिशीत अशी वाट कुठे नव्हती, तिचं दादाने केलेलं भाषांतर मी सतरा वेळा वाचलं आहे. पडला त्या दिवशी तो हीच रेघ मारत असणार.

कोऱ्या सोंगट्या त्या पायवाटेच्या दिशेने येत होत्या.

गुरुवारी दादाला तपासणीला न्यायचं होतं. मी ठरवलं, आता एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. प्रत्येक कोऱ्या सोंगटीभोवती पेन्सिलीने चौकोन काढला. तेव्हा त्या चोवीस झाल्या होत्या. डबा रिकामा होता, आणि डब्यात बाराच होत्या, हे मी इथे मुद्दाम सांगून ठेवते. खोलीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये, पर्स पोटाशी. चार तास दवाखान्यात काढले. दादा पूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर होता.

परत आलो. कुलूप उघडायच्या आधी मी दाराला कान लावला, का ते विचारू नका. आत कोणीतरी लहान मुलाला गप्प करत होतं. नुसतं 'शू, शू'. मग भांड्यावर भांडं आपटल्याचा बारीक आवाज, आणि शांतता.

दार उघडलं. खोलीत कोणी नव्हतं. चोवीसही चौकोन रिकामे होते, आणि प्रत्येक सोंगटी एकेक घर पुढे सरकलेली.

मी चाकाच्या खुर्चीकडे वळले. दादा अर्ध्या तोंडाने हसत होता. मला त्या क्षणी भीतीपेक्षा दुःख जास्त झालं. हे काम त्याचं नव्हतं. म्हणजे त्याच्या हातात, त्याच्या डोक्यात काही परत आलेलं नव्हतं. मी भिंतीला टेकून रडले.

५

माणूस घाबरला की त्याला जे येतं तेच करतो. मला नियम लिहिता येतात.

शुक्रवारी सकाळी मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: दक्षिणेच्या कडेवरून कोणालाही बाहेर जाता येणार नाही. प्रकाशकाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वा, एका ओळीत काम!" कागद मी नकाशाशेजारी टाचणीने टोचला. दादाने तो वाचला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर चुकवली. लहानपणी मी त्याची मांजरीची पिल्लं शेजारच्यांना देऊन टाकली होती, तेव्हा त्याने असंच पाहिलं होतं.

शनिवारी त्या कडेपाशी येऊन थांबल्या होत्या. शेवटच्या दोन घरांत चोवीस सोंगट्या, एकमेकींवर चढलेल्या, काही तिरक्या होऊन कडेला टेकलेल्या. त्यांच्या मागे दोन घरांवर दादाची फौज होती. मोहीम आली त्याच रस्त्याने परतत होती, रोजनिशीत तसंच आहे. पाळी फौजेची होती.

"दादा, दाखव," मी म्हणाले.

त्याने डाव्या हाताने दोन्ही फासे उचलले आणि मूठ मिटली.

"दादा, अरे, खेळ आहे हा."

मूठ उघडेना. त्याच्या चालत्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि मेलेल्या डोळ्यातूनही. मी त्याची बोटं सोडवायला गेले तर त्याने हात छातीशी ओढून घेतला. आम्ही बारा वाजेपर्यंत तसेच बसून होतो. त्या खोलीत जळक्या कपड्यांचा वास येत होता. मी दोनदा उठून शेगडी बघून आले.

रात्री मला झोप लागली हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

६

रविवारी पोरगी अकराला येणार होती. साडेदहाला मी दादाला नेहमीच्या जागी बसवलं. सोंगट्या तशाच कडेला दाटीवाटीने. फासे अजून त्याच्या मुठीत होते, रात्रभर त्याने ते सोडले नव्हते.

मी बसले आणि माझा तीन ओळींचा नियम, चौदा क्रमांकाचा नियम, कडांचे नियम, सगळे डोळ्यांपुढून गेले. चाळीस पानं. त्यांत खेचरांना किती चारा लागतो तेसुद्धा होतं. दादाने एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी हसले होते. मला माझी इतकी शरम वाटली की भीती मागेच पडली.

मी टाचणी काढली, कागद फाडला. मग दादाचा उजवा हात कडेवरून उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. पायवाट मोकळी झाली.

"जाऊ देत," मी म्हणाले. "दादा, सांग त्यांना."

त्याने डाव्या मुठीने मला खूण केली, तोंड फिरव. मी आज्ञाधारकपणे उठून कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. त्या कपाटाला काचेची दारं आहेत, आत आमचे नऊ खेळ. दादा ते विसरला असावा.

आधी पुठ्ठा पुठ्ठ्यावर घासल्याचा आवाज आला. मग माझ्या मागे कडी करकरली. ती गंजकी कडी, जी मला दोन हातांनीही हलत नाही. गार वाऱ्याची झुळूक आली. काचेत मला खुर्चीत बसलेला दादा दिसत होता आणि त्याच्यापलीकडे दाराचा उजेड. तो उजेड अडायचा आणि मोकळा व्हायचा, अडायचा आणि मोकळा व्हायचा, खिडकीवरून एकामागून एक माणसं गेली की होतो तसा. कधी उंच अडायचा, कधी बुटका. अनवाणी पावलं. कापडाची सळसळ. मी मोजायला लागले, शिक्षिकेची खोड. एकोणिसावा फार बुटका होता. तो खुर्चीपाशी थांबला, आणि दादाच्या मांडीवरच्या मेलेल्या हातावर एक लहान पंजा आला. क्षणभरच. दादाने मान झुकवली.

मी डोळे घट्ट मिटले. पण मोजणं थांबवलं नाही, पावलांवरून पुढे मोजत राहिले. तेवीस झाले, आणि पुढे काही आलं नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली.

पोरगी आत आली, मला मिठी मारली, सरळ मधल्या खोलीत गेली. "अगं आत्या, हे मागचं दार सताड उघडं कसं? बाबांच्या पाठीत वारा जातोय की!" ती दार लावायला पुढे झाली. तिचा हात कडीवर पडला.

"नको," दादा म्हणाला.

पोरगी जागच्या जागी थिजली.

दादाने ओठ जुळवले. घाम फुटला होता त्याला. मग एकेक शब्द, ओझं उतरवून ठेवावं तसा, त्याने खाली ठेवला. "एक... राहिलंय."

पोरीने त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "बाबा बोलले! आत्या, बाबा बोलले गं!" मीही रडले. खरंच रडले, त्या आनंदात काही खोट नव्हती. पण तिच्या खांद्यावरून मी नकाशाकडे पाहत होते. कड रिकामी होती. आणि वर डोंगरात, पहिल्या जळालेल्या गावाच्या काळ्या सोंगटीवर, एक कोरी सोंगटी बसली होती.

७

दादा माझ्याकडेच आहे. पोरीने शब्द पाळला, दर रविवारी फोनवर त्याच्याशी बोलते. त्याला आता पंधरा-वीस शब्द येतात. या विषयावर मात्र तो एकही खर्च करत नाही, आणि मीही विचारत नाही.

प्रकाशक विचारतो, खेळ कधी देताय? मी सांगते, शेवटच्या नियमाचं काम चालू आहे. तो नियम मी लिहून ठेवला आहे: सर्वजण बाहेर पडेपर्यंत फौजेची पाळी येत नाही. प्रकाशक म्हणतो, असा खेळ कोण विकत घेणार? नसू दे घेत.

मागच्या दाराला मी वीट लावून ठेवली आहे, वाऱ्याने मिटू नये म्हणून. साडेदहाला आम्ही बसतो. फासे दादाच्या खिशात असतात, फौज जागची हललेली नाही. मी चहा करते, तो नकाशाकडे बघत बसतो. कितीतरी दिवस ती सोंगटी हलली नाही. मला वाटायला लागलं होतं की तिच्याने चालवत नसेल, किंवा ती कोणाला तरी शोधायला मागे फिरली असेल.

आज सकाळी ती एक घर खाली आली होती. मी दादाला दाखवलं. त्याने मला खुणेने त्याची खुर्ची जरा बाजूला घ्यायला लावली, म्हणजे वाट आणखी मोकळी होईल.

तिथून कडेपर्यंत चौदा घरं आहेत. आम्हाला काही घाई नाही.